प्रकाशोपचाराचे जनक : डॉ. नील्स फिन्सेन

प्रकाशाला औषधाचा दर्जा मिळवून देणारे डॉ. नील्स फिन्सेन स्वतः मात्र अर्धे आयुष्य आजारी होते. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १८६० मध्ये त्यांचा जन्म झाला. ऐन विशीत त्यांना यकृत व हृदयाचा विकार जडला, पोटात पाणी साठू लागले. तरीही १८९० मध्ये ते कोपनहेगनमधून डॉक्टर झाले.

उन्हाने आपल्याला बरे का वाटते, या साध्या प्रश्नावरून त्यांचे संशोधन सुरू झाले. त्या काळी त्वचेचा क्षयरोग रुग्णाचा चेहरा विद्रूप करून टाकी आणि त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. फिन्सेन यांनी कार्बन आर्क दिव्याचा प्रकाश स्फटिकाच्या भिंगांनी एकवटला आणि त्वचा भाजू नये म्हणून त्यातली उष्णता पाण्याने काढून घेतली. रक्त प्रकाश अडवते, हे ओळखून ते त्वचा दाबून धरत. १८९५ मध्ये पहिल्या रुग्णाला गुण आला. पुढच्याच वर्षी संस्था उभी राहिली. १९०३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, पण प्रकृतीमुळे ते सोहळ्याला जाऊ शकले नाहीत. १९०४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचा प्रत्येक प्रयोग मात्र टिकला नाही. देवीच्या रुग्णांना लाल प्रकाशाच्या खोलीत ठेवण्याची त्यांची पद्धत मागे पडली. देवीचे उच्चाटन केले ते लसीने. कोणता प्रकाश, किती वेळ आणि कोणत्या आजारावर, हे तपासूनच ठरते.

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांनी हे लक्षात ठेवावे. कमी शक्तीच्या लेझरने काहींच्या वेदना आणि सकाळचा सांध्यांचा ताठरपणा थोड्या काळापुरता कमी होऊ शकतो. मात्र, या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर हल्ला करते. तो हल्ला लेझरने थांबतो, असे सिद्ध झालेले नाही. सांध्यांची झीज रोखण्यासाठी मेथोट्रेक्झेटसारखी औषधे लवकर सुरू करावी लागतात. दुखणे कमी झाले म्हणून ती परस्पर बंद केल्यास बोटे कायमची वाकडी होऊ शकतात. लेझर घ्यायचे असल्यास डॉक्टरांना विचारून, औषधांच्या जोडीने घ्यावे, औषधांऐवजी नव्हे.