गोठ्यातील पाठशाळा : संत जॉन बॉस्को यांचे चरित्र

देवळाच्या महोत्सवप्रसंगी एखाद्या संताचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, ही रीत आपल्यात जुनी आहे व ती योग्यही आहे. तथापि संतचरित्रांत बहुधा संस्थांची व चमत्कारांचीच गणना होते. तो संत बाळपणी कोणत्या कामाने घडला, हा विचार मागे राहतो. ज्यांना सारे जग डॉन बॉस्को या नावाने ओळखते, त्या संत जॉन बॉस्को यांचे चरित्र आम्ही येथे याच दृष्टीने सांगणार आहोत. डॉन हा इटलीत धर्मगुरूंच्या नावामागे लावण्याचा आदरार्थी शब्द होय. हजारो अनाथ मुलांचा हा पिता प्रथम गुराखी होता, आणि मुले कशी वळवावी याचा पहिला धडा तो गुरे वळताना शिकला, असे आमचे मत आहे.

इटलीच्या उत्तरेस पीडमाँट प्रांतात, कास्तेल्नुओव्हो गावाजवळील बेक्की नामक वाडीत, 16 ऑगस्ट 1815 रोजी जॉनचा जन्म झाला. बाप फ्रान्सिस कष्टाळू शेतकरी होता. 1817 च्या मे महिन्यात तो घामाघूम होऊन कामावरून आला, तसाच थंड तळघरात उतरला, आणि थोड्याच दिवसांत फुप्फुसाच्या दाहाने वारला. तेव्हा जॉनला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. घरी म्हातारी सासू, पहिल्या बायकोचा मुलगा अँथनी, आणि स्वतःचे जोसेफ व जॉन हे दोन मुलगे, एवढा भार मार्गारेट या माउलीवर पडला.

त्यातच त्या वर्षी अवर्षणाने दुष्काळ पडला. पैसे घेऊन बाजारोबाज हिंडले तरी धान्य मिळेना. एके संध्याकाळी मुले भुकेने कळवळली, तेव्हा मार्गारेटने सर्वांसह गुडघे टेकून प्रार्थना केली, मग एका शेजाऱ्यास सोबत घेऊन ती गोठ्यात गेली आणि वासरू कापून तिने त्या रात्री मुलांना जेवू घातले. शेतकऱ्याच्या घरी वासरू म्हणजे पुढील सालाची आशा. ती आशा देवाच्या हाती सोपवून आजची भूक भागवणाऱ्या या निरक्षर आईपासूनच जॉन श्रद्धा शिकला. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे तिने मुलांकडून तोंडपाठ करून घेतली. पण त्याबरोबरच पहाटे उठणे, गोठा झाडणे, वैरण घालणे ही कामेही तिने त्यांच्या अंगवळणी पाडली. तिच्या घरी आळसाला थारा नव्हता.

नवव्या वर्षाच्या सुमारास जॉनला एक स्वप्न पडले. अंगणात पुष्कळ मुले खेळत असून काही शिव्याशाप देत होती. जॉन त्यांच्यावर मुठी वळून धावला. तोच एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवून, मारहाणीने नव्हे तर ममतेने यांना जिंकावे, असे सांगितले. मग एका थोर स्त्रीने त्याचा हात धरला. मुलांच्या जागी बोकड, कुत्री, अस्वले अशी जनावरे दिसू लागली, आणि पाहता पाहता ती सर्व गरीब कोकरे झाली. सकाळी हे स्वप्न घरात सांगितले, तेव्हा जोसेफ म्हणाला की हा पुढे शेळ्यामेंढ्या राखील. अँथनी म्हणाला की हा दरोडेखोरांचा नायक होईल. आईने, कोण जाणे, हा धर्मगुरूही होईल, असे म्हटले. आणि आजीने स्वप्नावर भरवसा ठेवू नये असा निकाल दिला. पुढे जोसेफचे व आईचे, दोघांचेही म्हणणे खरे ठरले.

जॉन रानात गाय चारावयास नेई, तेव्हा शिदोरीला त्याच्याजवळ पांढरी भाकर असे. शेजारी गुरे राखणाऱ्या एका गरीब मुलाजवळ काळी, कोरडी भाकर असे. जॉन रोज त्याच्याशी भाकरीची अदलाबदल करी, आणि काळी भाकर आपल्याला अधिक आवडते असे भासवी. मोकळ्या रानात, कोणी मोठे माणूस पाहत नसताना केलेले हे दान मोलाचे नव्हे काय?

शिकण्याची जॉनला मोठी हौस. परंतु अँथनीला पुस्तक दृष्टीस पडले की राग येई. शेतकऱ्याच्या पोराला अक्षरांची काय गरज, हा त्याचा आक्षेप. घरातील कलह वाढला, आणि 1828 च्या सुमारास, बारा वर्षांच्या जॉनला आईने काळजावर दगड ठेवून कामाच्या शोधात बाहेर धाडले. तो मोंकुक्को गावच्या मोलिया नामक शेतकऱ्याच्या दारी गेला. हिवाळ्यात गडी ठेवण्याची तेथे रीत नव्हती. मुलाने रडून विनविले की मजुरी नको, केवळ राहू द्या. त्या घरच्या बाईला दया आली व तो राहिला.

तेथे सुमारे दोन वर्षे तो गुरे राखीत होता. पहाटे गोठ्यात जावे, शेण काढावे, गव्हाणीत वैरण टाकावी, गाई चरावयास न्याव्या, आणि त्या रवंथ करू लागल्या की झाडाखाली बसून पुस्तक उघडावे, असा त्याचा क्रम होता. रविवारी पहाटे तो पायी मोंकुक्कोला मिस्सेस जाई, आणि दुपारी गावची मुले गवताच्या माळ्यावर जमवून त्यांना प्रार्थना व धर्मशिक्षण शिकवी. एकदा दुपारी घरचा म्हातारा शेतातून थकून आला, तो जॉन गुडघ्यांवर बसून आंजेलुसची प्रार्थना करीत होता. म्हातारा रागावला. जॉनने नम्रपणे उत्तर दिले की कामात आपण कधी मागे राहिलो नाही. आणि प्रार्थना करून पेरले तर दोन दाण्यांची चार कणसे होतात, प्रार्थनेवाचून पेरले तर चार दाण्यांची दोनच होतात. म्हातारा निरुत्तर झाला.

1829 च्या अखेरीस जॉन घरी परतला. कालोस्सो या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला शिकवण्यास आरंभ केला. पण वर्षभरातच ते वारले. पुढे चिएरी येथे शिंप्याचे, सुताराचे, कॉफीच्या दुकानातील नोकराचे, असे मिळेल ते काम करून त्याने विद्या संपादिली. सुट्टीत कास्तेल्नुओव्होचे धर्मगुरू त्याला शिकवीत, आणि त्याबद्दल तो त्यांच्या घोड्याची चाकरी करी. खरारा करता करता त्याने घोड्याशी अशी गट्टी जमवली की धावत्या घोड्याच्या पाठीवर तो उभा राहू शके.

5 जून 1841 रोजी तुरीन येथे त्याला धर्मगुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी एका गावी प्रवचनास घोड्यावरून जात असता शेतातून पाखरांचा थवा उठला, घोडा बुजला, आणि तरुण धर्मगुरू दगडांच्या राशीवर पडून बेशुद्ध झाला. जवळच्या एका शेतकऱ्याने त्याला उचलून घरी नेले व त्याची शुश्रूषा केली. बोलण्यातून एक जुनी गोष्ट निघाली. काही वर्षांपूर्वी काळोख्या रात्री, भर पावसात या शेतकऱ्याचे ओझ्याने लादलेले गाढव चिखलात रुतले होते. तेव्हा दिवे घेऊन धावलेल्या एका तरुणाने व त्याच्या घरच्यांनी ते बाहेर काढले, शेतकऱ्याला घरी नेऊन जेवू घातले, आणि एक पैसा घेतला नाही. तो तरुण म्हणजेच हा जखमी धर्मगुरू! एका मुक्या जनावरावर केलेली दया अशी व्याजासह परत आली.

8 डिसेंबर 1841 रोजी तुरीनच्या संत फ्रान्सिस अॅसिसीकर यांच्या देवळात एका पोरक्या मुलाला मदतनीस झाडूने मारून हाकलीत होता. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावून धर्मशिक्षण दिले, आणि तेथून त्यांच्या कार्याचा उगम झाला. 1846 मध्ये वाल्दोक्को येथे एका छपरात त्यांनी मुलांचे घर थाटले. त्यासाठी मार्गारेटने आपले शेत व घर सोडले, आणि 1856 मध्ये मरेपर्यंत ती त्या पोरक्या मुलांची आई झाली.

मुले वळवण्याची त्यांची जी पद्धत, तिला प्रतिबंधक पद्धत म्हणतात. 1877 मध्ये त्यांनी ती लिहून काढली. विवेक, धर्म आणि ममता हे तिचे तीन आधार. आम्हांस तीत गुराख्याचे शहाणपण दिसते. अडाणी राखणदार झाडाखाली झोपतो, आणि गुरे पिकात शिरली की काठी घेऊन धावतो. जाणता गुराखी आधीच बांधावर उभा असतो. त्याला काठी क्वचितच लागते. डॉन बॉस्कोंचे शिक्षक असेच मुलांच्या खेळात, अभ्यासात, प्रार्थनेत सदैव जवळ असत, कारण अपराध झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा अपराधाची वेळच येऊ न देणे त्यांना श्रेयस्कर वाटे.

तथापि मुलांना कामाला जुंपावे असा अर्थ कोणी काढू नये. बारा वर्षांच्या पोराने पोटासाठी परक्याच्या गोठ्यात राहावे ही दुःखाची गोष्ट होती, आणि ते दुःख डॉन बॉस्को विसरले नाहीत. 1851 नंतर आपल्या मुलांना उमेदवारीसाठी धाडताना त्यांनी मालकांशी लेखी करार केले. मालकाने मुलाला मारू नये, धंदा शिकवावा, घरगुती हलकी कामे सांगू नयेत, व सणाच्या दिवशी सुट्टी द्यावी, अशी बंधने त्यांत होती. जे काम मुलाला वाढवते आणि जे त्याला चिरडते, त्या दोहोंतील भेद त्यांना अनुभवाने ठाऊक होता.

1859 मध्ये त्यांनी सेलेशियन संघ स्थापिला. 1872 मध्ये संत मारिया माझारेल्लो हिच्यासह भगिनींचा संघ काढला. 1878 मध्ये फ्रान्समधील ला नाव्हार येथील शेतीचे अनाथालय त्यांनी हाती घेतले, आणि पोरकी मुले तेथे नांगर व गुरे यांच्या संगतीत वाढू लागली. 31 जानेवारी 1888 रोजी त्यांनी देह ठेवला. 1934 च्या ईस्टरदिनी पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद दिले. त्यांचे शिष्य 1906 मध्ये तंजावरला आले, आणि आज गोव्यात सुळकर्णे येथे त्यांच्या संघाचे कृषी महाविद्यालय आहे.

वाचकहो, आज आपल्या पुष्कळ घरी गोठे राहिले नाहीत. पण गोठा जे शिकवीत असे ते आपण मुलांना कसे द्यावे, हा प्रश्न उरतोच. मुक्या जीवाची भूक आपल्या भुकेआधी भागवावी. नेमलेली वेळ चुकवू नये. आपला राग जनावरावर काढू नये, कारण मारलेली गाय पान्हा चोरते. कोणी पाहत नसले तरी काम नीट करावे. घरी एखादी शेळी असो, कोंबड्या असोत की दारचे कुत्रे, त्याचे दाणापाणी मुलाच्या हाती सोपवावे, आणि आईबापांनी जवळ उभे राहावे. हातात काठी नसली तरी चालेल, पण बांधावर आपण हजर असावे.

उत्तम मेंढपाळ जो आमचा प्रभू येशू ख्रिस्त, तो संत जॉन बॉस्को यांच्या मध्यस्थीने आपल्या धर्मग्रामातील मुलाबाळांचे रक्षण करो व त्यांना सन्मार्गी ठेवो. आमेन.