आधी वार, मग कोकरू : सर जोसेफ बारक्रॉफ्ट

मेंढी व्याली की वार पूर्ण पडली ना, हे मेंढपाळ डोळ्यांत तेल घालून पाहतो. वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरीत विचारा किंवा आणखी कुठे, एकदा वार पडली की ती पुरून टाकायची एवढेच तिचे मोल. पण सर जोसेफ बारक्रॉफ्ट या शास्त्रज्ञाने याच वारेचे वजन केले आणि तिच्यातून जाणाऱ्या रक्ताचा व ऑक्सिजनचा हिशेब मांडला. गर्भाच्या वाढीविषयी आज डॉक्टरांना जे कळते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पाया त्या हिशेबात आहे.

बारक्रॉफ्ट यांचा जन्म १८७२ मध्ये आयर्लंडमधील न्यूरी येथे झाला. केंब्रिजमध्ये शिकून ते तिथेच शरीरक्रियाशास्त्राचे संशोधन करू लागले. रक्त ऑक्सिजन कसा वाहून नेते, हा त्यांच्या आयुष्यभराचा ध्यास होता. त्यासाठी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करायलाही त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. १९२० मध्ये ते ऑक्सिजन कमी केलेल्या काचेच्या बंद खोलीत सहा दिवस राहिले. पुढच्या वर्षी सहकाऱ्यांना घेऊन ते पेरू देशातील सेरो दे पास्को या सुमारे ४,३०० मीटर उंचीवरच्या गावी गेले. विरळ हवेत माणूस कसा तग धरतो, हे त्यांना पाहायचे होते. १९२५ मध्ये ते केंब्रिजला प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

गर्भाकडे ते वळले ते जवळजवळ योगायोगाने. प्लीहेचा अभ्यास करताना, गाभण कुत्रीच्या प्लीहेचा आकार बदलतो, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा गर्भारपणात रक्त नेमके जाते कुठे, हा प्रश्न उभा राहिला. उत्तर शोधत ते गर्भाशयापर्यंत पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय साठीच्या आसपास होते.

अभ्यासासाठी त्यांनी मेंढी निवडली. कोकराचे वजन माणसाच्या बाळाच्या जवळपास असते आणि गाभणकाळ सुमारे १४७ दिवसांचा, ठरलेला असतो. मेंढीची वार मात्र आपल्यासारखी एकच चकती नसते. ती बटणांसारख्या अनेक गाठींची बनलेली असते. वेगवेगळ्या दिवसांच्या गाभण मेंढ्या तपासल्यावर एक ठळक गोष्ट दिसली. वार गाभणकाळाच्या मध्याच्या सुमारास आपले सर्वाधिक वजन गाठते. कोकराची खरी वाढ त्यानंतर, शेवटच्या टप्प्यात होते. म्हणजे आधी गोदाम बांधायचे आणि मग त्यातून माल पुरवायचा. गर्भाच्या रक्तात ऑक्सिजन इतका कमी असतो की गर्भ जणू उंच डोंगरावर राहतो. तरी त्याचे हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट पकडते, म्हणून त्याचे भागते.

१९३७ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांचे काम थांबले नाही. जन्मापूर्वीच्या जीवनावरचा त्यांचा ग्रंथ १९४६ मध्ये आला आणि १९४७ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

वार वाढते कशाच्या हुकमाने, हे मात्र त्यांच्या हयातीत कळले नाही. पुढे ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचे निरोप देणारी प्रथिने, सापडली. त्यातली काही नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतात, तर इन्सुलिनसारखी काही पेशींची वाढ सांभाळतात. हे निरोप कमी पडले की वारेतले रक्ताचे जाळे अपुरे राहते. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रयोगाने हे दुसऱ्या बाजूने दाखवले. वार ज्या ठिकाणी चिकटते त्या गर्भाशयातल्या गाठी आधीच काढून टाकल्या, तेव्हा कोकरे लहान जन्मली.

माणसाची वार प्रसूतीपर्यंत थोडीथोडी वाढत राहते. पण तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची बांधणी मुख्यतः पहिल्या पाच महिन्यांत होते. ती नीट झाली नाही तर पुढे आईचा रक्तदाब वाढू शकतो, बाळ कमी वजनाचे होऊ शकते. वारेतून येणारा एक ग्रोथ फॅक्टर आईच्या रक्तात मोजून असा धोका ओळखण्याची चाचणीही आता निघाली आहे.

आपल्याकडे तीन महिने पुरे होईपर्यंत गर्भारपण कुणाला सांगू नये, अशी रीत आहे. शेजाऱ्यांना नाही सांगितले तरी चालेल, पण आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात जरूर सांगावे. नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांत व्हावी. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, रक्तदाब व हिमोग्लोबिनची तपासणी आणि पोटभर सकस जेवण तेव्हापासूनच सुरू व्हावे. तंबाखू, मिश्री पूर्ण बंद करावी. सातव्या महिन्यात पोट लहान दिसते म्हणून धावपळ होते. पण गोदाम बांधायचे दिवस तोवर मागे पडलेले असतात.