ओट्यावरून माईकपर्यंत

दुपारची आवराआवर झाली, की रेडिओ लावून श्रुतिका ऐकणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी होत्या. ‘पुन्हा प्रपंच’मधल्या मीनावहिनी आणि टेकाडे भावजी तर आपल्या नात्यातलेच वाटायचे. मैत्रिणींनो, असाच एक प्रपंच अमेरिकेतल्या बायकांनी त्याच्याही कितीतरी आधी ऐकला. तो लिहिणारी आणि त्यात मुख्य काम करणारी बाई एकच होती, गर्ट्रूड बर्ग.

गर्ट्रूडचा जन्म १८९९ चा, न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबातला. माहेरचं नाव टिली. तिचा भाऊ लहानपणीच घटसर्पाने गेला. आई त्या धक्क्यातून कधी सावरलीच नाही, पुढे तिला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. वडील डोंगराळ भागात एक हॉटेल चालवायचे. पाऊस लागला की उतरलेल्या कुटुंबांतली मुलं कंटाळायची. त्यांना रमवायला टिली छोटी छोटी नाटुकली लिहून बसवायची. तिचं लेखन सुरू झालं ते असं.

१९१८ मध्ये लुईस बर्ग या इंजिनीअरशी तिचं लग्न झालं. दोन मुलं झाली. नवरा ज्या साखर कारखान्यात होता, तो जळाला आणि घरात पैशाची चणचण आली. तेव्हा गर्ट्रूडने जुन्या नाटुकल्यांतली माणसं पुन्हा कागदावर आणली. रेडिओच्या साहेबांकडे नेलेली संहिता तिच्या गिचमिड अक्षरातच होती. साहेबांना काही लागेना, म्हणून त्यांनी तिलाच वाचायला सांगितलं. तिने सगळ्या पात्रांचे आवाज काढत ती अशी वाचली, की लेखनाबरोबर मुख्य भूमिकाही तिलाच मिळाली!

२० नोव्हेंबर १९२९ ला ‘द राइज ऑफ द गोल्डबर्ग्ज’ सुरू झालं. शेअर बाजार कोसळून महिनाही झाला नव्हता. पुढे मंदी आली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. अशा दिवसांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या भागांतून मॉली गोल्डबर्ग घराघरात पोचली. चाळीसारख्या इमारतीत राहणारी, खिडकीतून शेजारणीला हाक मारणारी, शिंपी नवऱ्याचा राग शांत करणारी, शिकणाऱ्या मुलांची चिंता वाहणारी बाई. त्यात ना राजवाडा, ना खून. होतं ते घरभाडं, आजारपण, मुलांचे हट्ट.

गर्ट्रूड पहाटे उठून लिहायची. गरीब ज्यू वस्तीत जाऊन बायकांचं बोलणं कान देऊन ऐकायची. प्रसंगात अंडी फोडायची असली, तर माईकपुढे खरीच अंडी फोडली जायची. आजारपणामुळे ती काही दिवस आली नाही, तर श्रोत्यांच्या पत्रांचा ढीग लागला.

पण हे नुसतं गोडगोड नव्हतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची घरं, दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली गेली. पुढच्याच एप्रिलमध्ये तिने एक भाग लिहिला. सणाचं जेवण चालू असताना खिडकीतून दगड येतो. मॉली घाबरलेल्या मुलांना शांत करते आणि सण पुढे चालू राहतो. एवढंच, पण ऐकणाऱ्याला सगळं कळलं.

खरी परीक्षा पुढे होती. १९४९ मध्ये मालिका टीव्हीवर आली. तिथे नवऱ्याचं काम करणारे फिलिप लोब यांचं नाव १९५० मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयितांच्या यादीत छापलं गेलं. त्यांना काढा, असं प्रायोजक म्हणाले. गर्ट्रूड नाही म्हणाली. परिणामी प्रायोजक गेले, मालिका बंद पडली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा एमी पुरस्कार तिला १९५१ मध्ये मिळाला, त्याच वर्षी हे घडलं. तिच्या मालिकेवर कितीतरी जणांची पोटं होती. शेवटी १९५२ मध्ये ती लोब यांच्याशिवाय परत आली. १९५५ मध्ये लोब यांनी आत्महत्या केली. तिने आणखी ताणून धरायला हवं होतं का? लांबून निवाडा देणं सोपं आहे. इतरांनी पहिल्या दिवशीच मान तुकवली असताना ती उभी राहिली होती, हेही विसरू नये.

पुढे रंगभूमीवर तिने १९५९ चा टोनी पुरस्कार मिळवला. १४ सप्टेंबर १९६६ ला ती गेली.

तिने हजारो भाग लिहिले. बरेचसे हवेतच विरले, कारण तेव्हा सगळं ध्वनिमुद्रित होत नसे. २१ सप्टेंबर १९३९ ला वॉशिंग्टनच्या एका केंद्राचं दिवसभराचं प्रसारण मात्र जपून ठेवलं गेलं. त्यात गोल्डबर्ग कुटुंबही आहे. हे आणि आणखी काही भाग आज इंटरनेट अर्काइव्हवर फुकट ऐकता येतात. भाजी निवडताना मोबाइलवर लावून बघा. उच्चार वेगळे आहेत, पहिल्यांदा जड जाईल. दुसऱ्यांदा कान सरावतो.

आणि आणखी एक करा. आपल्या आजीचं, सासूबाईंचं, शेजारणीचं बोलणं वहीत उतरवून ठेवा. बायकांच्या ज्या गप्पांना आपण रिकामटेकड्या म्हणतो, त्यावरच एका बाईने घर चालवलं आणि अख्ख्या देशाला रेडिओपाशी बसवलं.