गाडगेबाबा गावोगाव पायी फिरले, म्हणून आज कॅन्सरच्या पेशंटला मुंबईत डोक्यावर छप्पर मिळतं

चॅरिटी वॉक म्हटलं की जगभरात पहिलं नाव घेतलं जातं टेरी फॉक्सचं. कॅनडाचा हा पोरगा. हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. तीन वर्षांनी, १२ एप्रिल १९८० ला, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायचे म्हणून तो कृत्रिम पाय लावून देश ओलांडायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले. तेवढ्यात कॅन्सर फुप्फुसात पोचला आणि त्याला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी वयाच्या २२ व्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाची दौड आजही दरवर्षी अनेक देशांत होते.

आता आपल्याकडे या.

टेरी फॉक्सच्या ७५ वर्षं आधी वऱ्हाडातला एक माणूस असाच घराबाहेर पडला होता. त्याच्याकडे ना नकाशा होता, ना मागे गाडी. हातात खराटा आणि डोक्यावर फुटकं गाडगं. तो गावोगाव चालत राहिला, लोकांकडून लाखो रुपये उभे केले आणि त्यातला एक पैसाही स्वतःच्या घरी नेला नाही. त्या पैशातून त्याने जे काम सुरू केलं, त्याचा थेट फायदा आज कॅन्सरच्या पेशंटला होतोय.

हा माणूस म्हणजे संत गाडगेबाबा.

देबूजीचा गाडगेबाबा कसा झाला?

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात त्यांचा जन्म झाला. नाव देबूजी, वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई. घर परीट समाजाचं. वडिलांना दारूचं व्यसन लागलं आणि त्यातच त्यांचा अंत झाला. देबूजी तेव्हा लहान होता. आई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली.

मामाच्या घरी देबूजी गुरं राखायचा, शेतात राबायचा. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नाही. पण दोन गोष्टी तो जवळून शिकला. पहिली म्हणजे दारू घराचं काय करते. दुसरी म्हणजे कागदावर काय लिहिलंय हे वाचता येत नसेल तर सावकार माणसाचं काय करतो. मामाने अंगठे उठवले आणि कर्जापायी जमीन हातची जायची वेळ आली. ताबा घ्यायला आलेल्या सावकाराला देबूजी शेतात आडवा गेला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांमध्ये आवर्जून येते.

पुढे कुंताबाईंशी लग्न झालं, मुलंबाळं झाली. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू आणि मटणाचं जेवण घालायची रीत होती. देबूजीने ती मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. त्या काळात हे धाडसच होतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या २९ व्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा. डोक्यावरचं गाडगं टोपीचं काम करायचं आणि त्यातच भाकरीही खायची. त्या गाडग्यावरूनच लोकांनी नाव पाडलं गाडगेबाबा.

चालायचं, झाडायचं आणि मग मागायचं

त्यांची पद्धत ठरलेली होती. गावात शिरायचं आणि खराट्याने रस्ते झाडायला सुरुवात करायची. भाकरी हवी असेल तर आधी काम करायचं. दिवसभर गाव झाडून झालं की रात्री कीर्तन.

हे कीर्तनही वेगळंच असायचं. त्यात पोथी कमी आणि प्रश्न जास्त. बाबा वऱ्हाडी बोलीत समोरच्यांनाच विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. विषय रोजच्या जगण्यातले. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, देवाला बोकड कापू नका, शिवाशिव पाळू नका आणि काहीही झालं तरी पोरांना शाळेत घाला. आपण शिकलो नाही याची किंमत त्यांना माहीत होती.

याच कीर्तनांमधून लोक पैसे द्यायला पुढे यायचे. श्रीमंत व्यापारी द्यायचे, तसा शेतात राबणारा माणूसही द्यायचा. पाया पडायला कुणी आलं तर बाबा त्याला पिटाळून लावायचे. ज्या संस्थेसाठी पैसे हवेत, तिच्या कामात ते द्या, असा त्यांचा आग्रह होता. उभ्या राहिलेल्या इमारती त्यांनी ट्रस्टच्या हवाली केल्या आणि आपल्या घरच्यांचा त्यावर हक्क राहणार नाही याची काळजी घेतली.

याची किंमत घरच्यांनीही मोजली. बाबा धर्मशाळा बांधत असताना त्यांचं स्वतःचं कुटुंब गरिबीतच राहत होतं. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद पिसाळलेला कुत्रा चावून गेला. ती बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, असं चरित्रकार सांगतात.

मंदिर का नाही, धर्मशाळाच का?

एवढा पैसा जमवणाऱ्या माणसाने मनात आणलं असतं तर मंदिरांची रांग लावली असती. बाबांनी तसं केलं नाही. त्यांनी नदीवर घाट बांधले, अन्नछत्रं चालवली, गोरक्षणाची कामं केली, शाळा आणि वसतिगृहांना बळ दिलं. आणि सगळ्यात जास्त लक्ष दिलं ते धर्मशाळांकडे.

कारण साधं होतं. यात्रेला आलेला गरीब माणूस उघड्यावर झोपतो हे त्यांनी फिरताना पाहिलं होतं. त्यात दलितांचे हाल तर विचारू नका, त्यांना बाकीच्या ठिकाणी दारातच उभं केलं जात नसे. म्हणून १९२० च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. हीच वास्तू पुढे बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर अशा ठिकाणीही धर्मशाळा झाल्या.

मग त्यांचं लक्ष दवाखान्यांकडे गेलं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यातून पेशंट यायचे. पेशंटला खाट मिळायची, पण सोबत आलेली आई किंवा बायको फुटपाथवर झोपायची. १९५० च्या दशकात बाबांनी जे. जे. जवळ अशा नातेवाईकांसाठी धर्मशाळा उभी केली. देवाच्या दारातली धर्मशाळा त्यांनी दवाखान्याच्या दारात आणली, आणि हेच त्यांच्या कामातलं सगळ्यात मोठं वळण होतं.

कॅन्सरच्या पेशंटला छप्पर का लागतं?

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथे देशभरातून पेशंट येतात. पण कॅन्सरचा उपचार म्हणजे एकदा ऑपरेशन झालं आणि घरी गेलो, असं क्वचितच असतं.

रेडिएशनचंच बघा. बऱ्याच पेशंटना आठवड्यातले पाच दिवस, असं काही आठवडे रेडिएशन घ्यावं लागतं. रोजचं काम काही मिनिटांचं, त्यामुळे बहुतेकांना त्यासाठी दवाखान्यात भरती करून घेत नाहीत. किमोथेरपीचे डोस साधारण दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने असतात, आणि मध्ये ताप आला किंवा रक्तातल्या पेशी कमी झाल्या तर लगेच डॉक्टर गाठावा लागतो.

आता समजा, राहुरीच्या एखाद्या शेतमजुराच्या बायकोला असे सहा आठवडे सांगितले. रोज एसटीने मुंबईला जाऊन परत येणं शक्य नाही. लॉजचं भाडं परवडत नाही. मुंबईत ओळखीचं कुणी असलं तरी दहा बाय दहाच्या खोलीत किती दिवस राहणार? अशा वेळी उपचार मोफत मिळाला तरी लोक तो अर्धवट सोडून गावी परततात. आणि अर्धवट सोडलेला उपचार म्हणजे आजाराला परत वाट मोकळी.

म्हणून राहायची जागा ही सोय नसते, ती उपचाराचाच भाग असते. बाबांच्या निधनानंतर त्यांच्याच विचाराने मुंबईत दादर पूर्वेला त्यांच्या नावाची धर्मशाळा उभी राहिली. टाटामध्ये उपचार घेणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे अगदी कमी खर्चात राहतात. जात, धर्म, भाषा विचारली जात नाही. महाराष्ट्राबाहेरून आलेली माणसंही तिथे महिनोन्महिने राहून बरी होऊन गेली आहेत.

टेरी फॉक्सच्या नावाने जमलेला पैसा नवीन औषधं शोधायला गेला. गाडगेबाबांच्या वाटेवरचा पैसा त्या औषधापर्यंत गरिबाला पोचता यावं म्हणून लागला. दोन्ही कामं झाल्याशिवाय पेशंट बरा होत नाही.

शेवटपर्यंत रस्त्यावरच

१९५२ साली श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली, म्हणजे बाबांच्या मागेही कामं चालू राहतील याची सोय झाली. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेलं बाबांचं चरित्र आलं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने कराडच्या कॉलेजला बाबांचं नाव दिलं. शाळेत कधीही न गेलेल्या माणसाच्या नावाने कॉलेज निघालं. पुढे अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव मिळालं.

१९५६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्र्याला त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. तेव्हा तब्येत ढासळली होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव इथे पेढी नदीच्या पुलाजवळ प्रवासातच बाबांनी प्राण सोडला. त्यांची समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे.

सन २००० पासून राज्यात त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गाडगेबाबा म्हणजे खराटा हे समीकरण घट्ट बसलं. ते बरोबरच आहे, पण ते अर्धं आहे. लोकांचा पैसा लोकांच्याच गरजेला लावायचा आणि आपण रिकाम्या हाताने पुढच्या गावाला निघायचं, हा त्यांचा दुसरा अर्धा धडा. दादरच्या धर्मशाळेत आज रात्री जो पेशंट झोपेल, त्याच्यासाठी तोच जास्त मोलाचा आहे.