एकाच वेळी दोन अभ्यास : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं परदेशातलं शिक्षण



पदवीचा निकाल लागला की परभणी असो, जिंतूर असो की गंगाखेड, पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : सर, पोरानं दोन डिग्र्या सोबतच केल्या तर चालतं का? एक एम.ए. लोकप्रशासनाची आणि दुसरी अर्थशास्त्राची किंवा कायद्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये अशी परवानगी दिल्यापासून हा प्रश्न वाढलाच आहे.

नियम सांगणं सोपं आहे. पण दोन अभ्यास सोबत करायचे ते कशासाठी, हे समजून घ्यायचं असेल तर आपल्याकडे एक मोठं उदाहरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपण जयंतीच्या भाषणात भराभर वाचून दाखवतो. आज त्या यादीच्या मागचं आयुष्य पाहू.

बडोद्याची शिष्यवृत्ती

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे झाला. वडील रामजी सैन्यात सुभेदार. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून वेगळं बसावं लागे, पाणीसुद्धा दुसऱ्याने वरून ओतलं तरच मिळे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते १९०७ मध्ये मॅट्रिक झाले आणि १९१२ मध्ये बी.ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले.

त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची असा करार. बावीस वर्षांचे भीमराव जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. मागे मुंबईत पत्नी रमाबाई आणि लहानगा यशवंत राहिले.

न्यूयॉर्क : मुख्य विषय एक, सोबत अनेक

कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण त्यांनी घेतलेले वर्ग पाहिले तर आश्चर्य वाटतं. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३. त्याशिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषेचा प्रत्येकी एक. सेलिग्मन यांच्याकडे त्यांनी सार्वजनिक वित्त शिकलं, म्हणजे सरकार पैसा कसा गोळा करतं आणि कशावर खर्च करतं याचं शास्त्र. जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान ऐकलं.

१९१५ मध्ये ते एम.ए. झाले. त्याच वर्षी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचं वित्त या विषयावर लिहिलं. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वरवर पाहता हे दोन विषय वेगळे वाटतात. पण राज्याचा पैसा कोणाच्या हातात असतो आणि समाजात मान कोणाला मिळतो, हे दोन्ही प्रश्न सत्तेचेच आहेत.

लंडन : दोन संस्थांत एकदम प्रवेश

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले आणि दोन ठिकाणी नाव घातलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी. बॅरिस्टरी म्हणजे एम.ए.सारखी पदवी नव्हे. ती वकिलीची सनद. तिच्यासाठी परीक्षा तर द्यावी लागेच, शिवाय ठरावीक सत्रांत ग्रेज इनच्या जेवणांना हजर राहावं लागे.

जेमतेम वर्ष भरतं न भरतं तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली, पण त्या घडीला दोन्ही अभ्यास अर्धवट राहिले. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीने येत होती, ती बोट पाणतीराने बुडाली.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. कोलंबियाचा एम.ए. झालेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले, पण तिथूनही त्यांना जात कळल्यावर बाहेर काढलं गेलं. शिक्षण माणसाला मोठं करतं असं आपण मुलांना रोज सांगतो. ही घटना सांगते की समाज आणि कायदा बदलल्याशिवाय एकट्या पदवीने भागत नाही. कायद्याचा अभ्यास त्यांना सोडून देता आला नाही, याचं एक कारण इथे सापडतं असं मला वाटतं.

पैसे साठवून परत लंडन

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, कोलंबियातले मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. मधल्या काळात, जानेवारी १९२० मध्ये, 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू झालं. जुलै १९२० मध्ये सवलतीची मुदत संपण्याआधी ते पुन्हा लंडनला निघाले.

या वेळी दोन्ही अभ्यास तडीस गेले. १९२१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या वित्तीय विकेंद्रीकरणावर प्रबंध लिहून एम.एस्सी. झाले. १९२२ मध्ये ग्रेज इनकडून बॅरिस्टरीची सनद मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. तो त्यांनी पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. कोलंबियाची पीएच.डी. प्रांतिक वित्तावरच्या ग्रंथानंतर १९२७ मध्ये पदरात पडली.

या सगळ्या वर्षांत परळच्या चाळीत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार रेटत होत्या. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली, एकटे यशवंत वाचले. पदव्यांच्या यादीत रमाबाईंचं नाव नसतं, पण त्यांच्यावाचून ती यादी पुरी झाली नसती.

दोन्ही अभ्यास कुठे एकत्र आले?

वित्ताचा अभ्यासक म्हणून त्यांनी चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. कायद्याचे जाणकार म्हणून १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ऑगस्ट १९४७ मध्ये ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा दोन्ही विद्या एकाच टेबलावर आल्या. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटायचा, यावर विद्यार्थी असताना त्यांनी प्रबंध लिहिले होते. संविधानाच्या २८० व्या कलमात त्याच प्रश्नासाठी वित्त आयोगाची तरतूद आहे. हे कलम काही एकट्याचं काम नाही, पण मसुदा समितीच्या अध्यक्षाला त्या प्रश्नाची खोली तीस वर्षांपासून माहीत होती.

आपल्या मराठवाड्याशीही हा धागा जोडलेला आहे. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि उच्च शिक्षणासाठी मुलांना लांब जावं लागे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. स्वतः दोन वेळा समुद्र ओलांडून शिकलेल्या माणसाने कॉलेज आपल्या मुलांच्या जवळ आणलं.

मुलांना आणि पालकांना काय सांगावं?

पहिली गोष्ट नियमाची. वर्गांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही पदव्या नियमित घेता येतात, किंवा एक नियमित आणि दुसरी दूरस्थ वा ऑनलाइन घेता येते. पीएच.डी.ला ही सवलत नाही. फी भरण्याआधी आपल्या विद्यापीठात विचारून घ्यावं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुलाला विचारा, तुझा प्रश्न कोणता? दोन्ही विषय त्या एका प्रश्नाला लागू पडत असतील तर बिनधास्त पाठवा. नुसती बायोडाटात एक ओळ वाढवायची असेल तर एकच पदवी नीट करू द्या. आणि मध्ये खंड पडला, प्रबंध परत आला, पैसे संपले, तर ते अपयश समजू नका. घरातलं कोण त्याच्यासाठी झिजतंय, याचीही त्याला जाणीव असू द्या.

वर्गासाठी एक छोटा उपक्रम : मुलांना आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन वित्त आयोगाच्या निधीतून झालेल्या कामांची नोंद करायला सांगा. गटार, पाण्याची टाकी, अंगणवाडीची दुरुस्ती, जे असेल ते. वित्त आयोगाचा हा पैसा ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर गावापर्यंत पोचू लागला. तो कुठून आला, किती आला आणि कोणी ठरवलं, हे तीन प्रश्न वहीत लिहून आणू द्या. पैशाचा हिशोब अर्थशास्त्रात सापडेल आणि ठरवण्याचा अधिकार कायद्यात. दोन अभ्यास सोबत का करायचे, ते मुलांना त्या वहीतूनच कळेल.