पगार निम्म्यावर आला, पण रामन यांनी प्रकाशाचा नाद सोडला नाही

दरवर्षी २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन होतो. पण त्या तारखेला नेमकं काय घडलं, असं विचारलं तर बरेच जण डोकं खाजवतात. त्याची गोष्ट चंद्रशेखर व्यंकट रामन यांची.

जन्म ७ नोव्हेंबर १८८८, तिरुचिरापल्ली. १९०७ साली ते कलकत्त्यात सरकारी हिशेब खात्यात मोठे अधिकारी झाले. वय अवघं अठरा! मधे रंगून आणि आपल्या नागपुरातही बदली झाली. कलकत्त्यात असताना ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर ते बहुबाजारातल्या एका विज्ञान संस्थेत प्रयोग करत बसायचे. १९१७ मध्ये विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली, पण पगार जवळपास निम्म्यावर येणार होता. तरी त्यांनी पक्की नोकरी सोडली.

तबल्याचा अभ्यास त्यांनी याच काळात केला. साध्या ढोलावर थाप मारली की आवाज होतो, सूर लागत नाही, कारण त्या कातड्यातून निघणाऱ्या वेगवेगळ्या कंपनांचा आपसात मेळ बसत नाही. तबल्याला, मृदंगाला मधोमध शाई लावतात. तिथं कातडं जड होतं आणि ही कंपनं मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा हिशेबात येतात. भजनात पखवाज सुरात बोलतो तो यामुळेच. आपल्या कारागिरांना हे हाताने ठाऊक होतं. रामन यांनी १९२० मध्ये त्याचं शास्त्र जगापुढे मांडलं.

१९२१ साली ते इंग्लंडहून बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना वेड लावलं. तेव्हा समज असा, की पाण्यात आभाळाचा रंग दिसतो. रामन यांनी पाण्यावरची चमक अडवणारा लोलक डोळ्याला लावला. चमक गेली, निळा रंग तसाच! म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा याचं टिपण तयार होतं.

पुढची सात वर्षं हाच ध्यास. २८ फेब्रुवारी १९२८ ला सहकारी के. एस. कृष्णन यांच्यासोबत त्यांनी पक्कं केलं, की एका रंगाचा प्रकाश द्रवात सोडला तर त्यातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर येतो. रेणू थरथरत असतात, ते प्रकाशाची थोडी ऊर्जा घेतात किंवा देतात. प्रत्येक पदार्थाची थरथर वेगळी, म्हणून रंगातला फरकही वेगळा, अगदी अंगठ्याच्या ठशासारखा. आज पाकीट न फोडता आतली पावडर कोणती हे सांगणारी यंत्रं यावरच चालतात.

थोडा उशीर झाला असता तर मान गेला असता. मॉस्कोत दोन शास्त्रज्ञांना त्याच महिन्यात स्फटिकात हेच दिसलं होतं. रामन यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी बातमी जाहीर केली. १९३० चं नोबेल त्यांना एकट्यालाच मिळालं.

माणूस हट्टी होता, आणि सगळेच हट्ट बरोबर नव्हते. बंगळूरच्या विज्ञान संस्थेचे प्रमुख असताना, १९३३ मध्ये, मुंबईहून आलेल्या कमला भागवत यांना केवळ बाई म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून घेतलं, आणि त्यांचं काम बघून रामन यांनी पुढे इतर मुलींनाही दार उघडलं. याच कमलाबाई पुढे सोहोनी झाल्या, केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आल्या.

१९५४ मध्ये रामन यांना भारतरत्न मिळालं. २१ नोव्हेंबर १९७० ला बंगळुरात, स्वतः उभारलेल्या संस्थेच्या आवारातच त्यांनी देह ठेवला.