संत गोरोबाकाका : कुंभाराच्या अंगणात घडलेली नीतिदृष्टी

‘संस्कार’ हा शब्द आपण नेहमी वापरतो. कच्च्या वस्तूवर प्रक्रिया करून तिला योग्य रूप देणे, हा त्याचा एक अर्थ. हा अर्थ मातीच्या भाषेत जगलेल्या एका संताचे चरित्र आता आपण पाहणार आहोत.

धाराशिव जिल्ह्यातील तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. प्राचीन काळी ‘तगर’ या नावाने ते व्यापारी नगर म्हणून प्रसिद्ध होते. तेथील उत्खननात सापडलेल्या मातीच्या मूर्ती आजही गावातील वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. मातीकामाची अशी जुनी परंपरा असलेल्या या गावी गोरोबा कुंभार होऊन गेले. परंपरेनुसार त्यांचा जन्म 1267 मधला. ज्ञानेश्वर, नामदेव या समकालीन संतांपेक्षा ते वयाने वडील. म्हणून सारे त्यांना आदराने ‘काका’ म्हणत.

गोरोबांनी घरचा व्यवसाय सोडला नाही. चिखल तुडवणे, चाकावर मडके घडवणे, थापटण्याने ठोकून त्याला आकार देणे आणि शेवटी भाजणे, हा त्यांचा नित्यक्रम होता. या व्यवसायात एक कठोर प्रामाणिकपणा अंगभूत आहे, हे लक्षात घ्या. मडके दिसायला कितीही सुबक असो, ते कच्चे राहिले तर घेणाऱ्याच्या घरी पाण्याने विरघळते. म्हणून कुंभाराला मडक्याची भीड धरता येत नाही.

हीच दृष्टी एका प्रसिद्ध कथेत दिसते. गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी थापटण्याविषयी विचारले आणि जमलेल्यांपैकी कोणते मडके कच्चे, हे पाहण्यास सुचवले. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत गेले. इतरांनी ते शांतपणे सोसले. नामदेव मात्र रागावले. गोरोबांनी त्यांनाच कच्चे ठरवले. विठ्ठलाचा लाडका भक्त म्हणून ज्यांचा लौकिक, त्यांच्याविषयी भर सभेत असे सांगणे सोपे नव्हते. परंतु लौकिक पाहून निर्णय बदलणे कुंभाराच्या संस्कारात बसणारे नव्हते.

नामदेव दुखावले; पण पुढे औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांना शरण गेले. त्यांची पदे पंजाबपर्यंत पोहोचली आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांच्या 61 रचनांना स्थान मिळाले. पंढरीच्या भक्तिमय वातावरणाने नामदेवांना आकार दिला होता; अहंकार विरघळण्यासाठी मात्र भट्टीची धग लागली.

परीक्षा घेणारा स्वतः त्या धगीतून गेला होता काय? नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडवताना गोरोबांचे तान्हे मूल पायाखाली आले, अशी कथा आहे. पुढे विठ्ठलकृपेने ते परत मिळाले, असे परंपरा सांगते. ही कथा ऐकताना केवळ भक्तीची थोरवी पाहू नका. त्या आईचा आक्रोशही ऐका. तल्लीनतेला कर्तव्याचे भान हवे, असा प्रश्न ही कथा आपल्यापुढे ठेवते. भक्तपरंपरेने ती लपवली नाही, हेही महत्त्वाचे.

शके 1239, म्हणजे 1317 मध्ये, चैत्र वद्य त्रयोदशीस तेर येथे गोरोबांनी देह ठेवला. तेथील समाधिमंदिरात आजही वारकरी जमतात. त्यांचे मोजकेच अभंग आज उपलब्ध आहेत.

या चरित्रातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. घर, व्यवसाय आणि परिसर माणसाला आकार देतात. तो आकार टिकेल की नाही, हे मात्र टीकेचा आघात तो कसा स्वीकारतो यावर ठरते.

विचार करा : आपल्या घरच्या व्यवसायाने किंवा कामाने आपल्याला कोणते नैतिक मूल्य शिकवले? एका परिच्छेदात लिहा.